गच्चीवर आखलेलं न्हाणीघर

पिपरी मेघे, वर्धा
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझ्या मंजूचा नमस्कार.

भाऊबीजेला सचिनदादा एकटाच आला. संत्र्यांची पिशवी ठेवली आणि म्हणाला, "आत्याले जमलं नाई." पुढे काही विचारलं तर चिवडा खात बसला. फोन केला तर तुला ऐकू येत नाही. मी विचारते, "कधी येतेस?" आणि तू सांगतेस, "हो हो, जेवली." म्हणून हे पत्र. तसंही शाळेत नाव घालायच्या आधी शिवणाच्या खडूनं फरशीवर अक्षरं तूच गिरवून घेतलीस, त्यामुळे तुझ्याशी मला लिहूनच नीट बोलता येतं.

लग्नाला दोन वर्षं होत आली. तू आमच्या घरी एकदाच आलीस, लग्नानंतर आठ दिवसांनी, आणि तेव्हाही दुपारच्या गाडीनं घाईघाईत निघून गेलीस. माझं काही चुकलं का? मी त्या दिवसाचं सगळं आठवून पाहिलं आहे. पोळ्या जरा जाड झाल्या होत्या. दुसऱ्यांदा चहा विचारायचा राहिला होता. आणखी काही असेल तर सांग.

आता बातमी. आमच्याकडे न्हाणीघर बांधायचं ठरलं आहे. सध्याचं मागच्या अंगणात आहे आणि संडास त्याच्याही पलीकडे, चार पायऱ्या चढून. स्वप्निल म्हणतात, स्वयंपाकघरामागची कोठीची खोली रिकामीच आहे, तिथेच दोन्ही एकत्र करू. इथपर्यंत सासू-सासऱ्यांसकट सगळ्यांचं जमलं. पुढे कोणाचंच जमेना. बाबांना फवारा नको. आयुष्यभर भांड्यांचं दुकान चालवलेला माणूस; ते म्हणतात, "सारेच फवाऱ्याखाली उभे राह्यले तर बादल्या कोण घेईन?" आईंना देवघराच्या भिंतीला संडासाची भिंत लागलेली चालणार नाही. आणि स्वप्निलना कमोड पाहिजे.

मी नाही म्हटलं. नागपूरच्या लग्नात तू म्हणाली होतीस ना, असल्या खुर्च्या दवाखान्यात शोभतात, घरात नाही? माझ्या ते डोक्यात बसलं आहे. उद्या तू आलीस आणि तुला अवघडल्यासारखं झालं तर? आई-बाबांनाही सवय नाही. बाबा बाहत्तर वर्षांचे असून रोज सकाळी सहाला त्यांच्या मित्राच्या, भैय्याजींच्या घरापर्यंत फिरायला जातात, एक दिवस चुकवत नाहीत. त्यांना कशाला हवी खुर्ची? दहा दिवस झाले, आमचं रोज यावरून वाजतं. स्वप्निल चिडत नाहीत, नुसतं हसतात, त्यामुळे मलाच जास्त अपराधी वाटतं.

तू काय म्हणतेस?

तुझी
मंजुषा

*

कारंजा (घाडगे)
१३ नोव्हेंबर २०२४

चि. मंजूस,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुझं काही चुकलेलं नाही. पोळ्या चांगल्या होत्या. इकडे संत्र्यांची तोड चालू आहे, माणसांना चहा-पाणी करावं लागतं, शिवणक्लासच्या मुलींची परीक्षा तोंडावर आहे. बाईच्या जातीला निघणं म्हणजे का सोपं आहे?

नागपूरला मी तसं म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हटलं असेल तर बारा वर्षांपूर्वी, तेव्हा मला पुष्कळ गोष्टी कळत नव्हत्या. माझ्या बोलण्यावर घर बांधू नकोस. घरात राहणाऱ्यांनी ठरवावं. जावई म्हणतात ते अगदीच टाकाऊ नसेल.

एक मात्र सांगते. कागदावरच्या मापावर विश्वास ठेवू नकोस. ब्लाऊज बेतताना मी तुला काय शिकवलं? कात्री लावायच्या आधी पूर्ण मापानं आखायचं आणि अंगाला लावून पाहायचं. तुमची गच्ची मोठी आहे. तिथे खडूनं अख्खं न्हाणीघर आख, दार कुठे ते दाखव, आणि घरातल्या प्रत्येकाला आत जाऊन वावरायला लाव. कोण कुठे अडतं ते आपोआप दिसेल.

थंडी पडू लागली आहे. कानाला बांधत जा.

कोकिळाआत्या

*

पिपरी मेघे
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

आखलं! रविवारी सकाळी मी आणि स्वप्निल टेप घेऊन गच्चीवर गेलो. सात फूट बाय पाच फूट. दार, खिडकी, नळ, सगळं आखलं. कमोडच्या जागी प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि तिच्या शेजारी, आपल्या नेहमीच्या भांड्यासाठी, दोन विटा. मग एकेकाला आत बोलावलं.

बाबा आले ते सरळ भिंतीतून. आई ओरडल्या, "अहो, दार तिकडं आहे! भिंतीतून काऊन येऊन राह्यले?"

"मले तर कुठंच भिंत दिसत नाई."

"सून दोन तास उन्हात आखून राह्यली. तुम्ही परत जा आन् दारातून या."

बाबा खरंच परत गेले, जिन्यापाशी चपला काढल्या आणि दारातून आले. येताना खोटी कडीही लावली. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून रीताकाकूंनी विचारलं, "काय खेळून राह्यले जी सारे?" संडास हा शब्द सकाळी सकाळी शेजारणीला कसा सांगायचा म्हणून आईंनी सांगितलं, "काई नाई, योगा करून राह्यलो." आणि नेमके त्याच वेळी स्वप्निल विटांवर बसून दाराला गुडघा लागतो का ते पाहत होते. रीताकाकू म्हणाल्या, "हे आसन आम्हीबी रोजच करतो." मी हसून हसून खडूवरच बसले. साडीचा डाग अजून गेला नाही.

दाराला गुडघा लागत होता, म्हणून दार बाहेर उघडायचं ठरलं. तुझी युक्ती कामी आली. बाबांना विटांवर बसून पाहा म्हटलं तर ते म्हणाले, "माया काय पाह्यता? मी रोज चार किलोमीटर चालतो." आणि खुर्चीवर जाऊन बसले. पेपर वाचून होईपर्यंत उठले नाहीत. म्हणाले, "इथं हवा चांगली लागते."

शेवटी मीच जिंकले. स्वप्निल म्हणाले, "खरं सांग, कोणासाठी भांडतेस एवढी?" मी म्हटलं, "आत्यासाठी. ती आली की तिला आपलं घर परकं वाटायला नको." ते टेप गुंडाळत म्हणाले, "मग विषय संपला." दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पांढरं भांडं घेऊन आले, जमिनीत बसवायचं, आपल्या सवयीचं. रोशन मिस्त्री ४ डिसेंबरला काम सुरू करतो आहे.

आता तुला कारण उरलं नाही. नाताळात मला सुट्टी आहे. तू यायचंस आणि पंधरा दिवस राहायचंस. हो म्हण.

तुझी
मंजुषा

*

कारंजा
२८ नोव्हेंबर २०२४

चि. मंजूस,

पत्र मिळालं. वाचून फार हसले. तू माझ्यासाठी एवढं केलंस, आनंद वाटला. भांडं छानच असेल.

मला नाताळात जमेल असं दिसत नाही. तोडीची माणसं असतात, आणि तुझ्या आईच्यानं एकटीनं होत नाही. उन्हाळ्यात बघू. तू मनाला लावून घेऊ नकोस. माझं लक्ष तुझ्याकडेच असतं.

घाईत लिहिते आहे, माणूस पोस्टाकडे निघाला आहे.

कोकिळाआत्या

*

पिपरी मेघे
३ डिसेंबर २०२४

आत्या,

एकही कागद वाया घालवायचा नाही, पाठकोऱ्या बाजूवर लिहायचं, हेही मला तूच शिकवलंस. आणि टाकण्याआधी दोन्ही बाजू वाचायच्या हेही. मी वाचल्या.

तुझं पत्र सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या चिठ्ठीच्या मागे लिहिलेलं आहे. वर तुझं नाव, तारीख २१ ऑक्टोबर, हाडांचा विभाग. बाकीचं डॉक्टरांचं अक्षर मला लागलं नाही. पण तारीख लागली.

म्हणजे दिवाळीच्या दहा दिवस आधी तू इथे होतीस. वर्ध्याच्या स्टँडवर उतरली असशील, तिथूनच ऑटो पकडला असशील. स्टँडपासून आमचं घर पंधरा मिनिटांवर आहे. त्या दिवशी सोमवार होता, मी तीनला शाळेतून घरी आले होते आणि काही काम नसल्यानं खिडकीत बसून मटार सोलत होते. आणि तू इथून परत गेलीस.

तुला काय झालं आहे, तेही मला सांगावंसं वाटलं नाही? सचिनदादाला माहीत होतं ना? म्हणून तो चिवडा खात बसला.

मी लहानपणी चुकले की तू रागवायचीस, पण का ते सांगायचीस. आता तेही सांगत नाहीस. आम्ही शेतकऱ्यांची माणसं, हे दुकानदारांचं घर, तुला इथे कोणी काही बोललं का? आईंना विचारावं असं दहा वेळा मनात आलं, पण त्यांना वाटेल मी आरोप करते आहे, म्हणून नाही विचारलं.

उद्या मिस्त्री येणार. मला मुळीच उत्साह नाही.

मंजुषा

*

कारंजा
७ डिसेंबर २०२४

माझ्या मंजू,

ती चिठ्ठी मी आठ दिवस शोधते आहे. गोळ्यांची नावं तिच्यावरच आहेत. आधी ती परत पाठव.

तुला कोणी काही बोललं नाही, मलाही नाही. तुझी सासू तर त्या दिवशी मला तीन वेळा "राहा जी" म्हणाली. आता सांगते. तू एकटीच वाच.

माझे दोन्ही गुडघे गेले आहेत. तुझ्या लग्नाआधीपासून. खाली बसता येत नाही, आणि बसले तर उठता येत नाही. त्या दिवशी तुमच्या मागच्या संडासात मी बसले आणि उठता येईना. हाक मारायची लाज वाटली. नव्या सोयऱ्यांच्या घरी, लग्नाला आठ दिवस झालेले, आणि मुलीची आत्या संडासातून हाका मारते! नळाला धरून जोर लावला. मी उठले, पण नळ हातात आला. तो मी तसाच भोकात खुपसून ठेवला, पदर सावरून बाहेर आले आणि तुम्हाला सांगितलं की दुपारच्या गाडीनं जायचं आहे. मागाहून तुझ्याच पत्रात वाचलं की नळ तुटला आणि जावई नळवाल्याला रागावले. दोन वर्षं मला त्या नळवाल्याचं वाईट वाटतं आहे. त्याचं नाव काय गं?

इथे सचिननं औषधाच्या दुकानातून भोकाची खुर्ची आणून दिली आहे. तू माहेरी आलीस की ती मी धान्याच्या खोलीत पोत्यांमागे लपवते. मागच्या वेळी तू विचारलंस ना, आत्या सारखी धान्य कशाला मोजतेस?

गावाला जायचं म्हटलं की सकाळपासून पाणी पीत नाही. सेवाग्रामला गेले तेव्हा संध्याकाळी घरी येईपर्यंत थेंब घेतला नाही. तुझ्याकडे आले असते तर तू पाणी दिलं असतंस, चहा दिला असतास, आणि मला घ्यावा लागला असता. म्हणून नाही आले. परतीच्या गाडीत तुझ्या घराकडच्या बाजूला बसले होते, एवढंच.

तू माझ्यासाठी भांडून ते भांडं आणायला लावलंस हे वाचलं तेव्हा काय लिहावं ते सुचेना. हसू आलं आणि दुसरंही आलं. आता ते राहू दे. बसवलेलं काढायला लावू नकोस, लोक हसतील. आणि कोणाला सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे.

कोकिळाआत्या

*

पिपरी मेघे
१२ डिसेंबर २०२४

माझी वेडी आत्या,

शपथ पाळली आहे. कोणालाही एक शब्द सांगितलेला नाही. आता काय झालं ते ऐक.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी वाचलं आणि तशीच मागे धावले. रोशन मिस्त्री थापी धूत होता. भांडं बसवून झालं होतं. मी म्हटलं, "हे काढा."

"काऊन ताई? वाकडं बसलं का?"

"नाही. मला कमोड पाहिजे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग भांड्याकडे. "सिमेंट ओलं आहे तोवर सांगा. उद्या घण घ्याव लागन." तोवर आई आल्या, दुकानातून जेवायला आलेले स्वप्निल आले, पेपर घेऊन बाबाही आले. सगळ्यांसमोर मी, जिनं तीन आठवडे भांडून हे भांडं आणायला लावलं, तीच उभी राहून सांगते आहे की मला ते नको. कारण विचारलं तर सांगता येईना. मी म्हटलं, "मला... आवडलं नाही. रंग."

स्वप्निल म्हणाले, "पांढरा आहे."

"हो. कमोडचा पांढरा वेगळा असतो."

मिस्त्री खोकला. माझे कान गरम झाले होते. आत्या, मला दुकानात घेतलेली साडी बदलून मागायलाही भीती वाटते, हे तुला माहीत आहे. पण मी जागची हलले नाही. वाटलं, वेडी म्हणाले तर म्हणोत.

तेव्हा बाबांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "काढ रे रोशन. पोरगी बरोबर बोलून राह्यली."

आई म्हणाल्या, "तुम्हाले काय करायचं आहे? तुम्ही तर म्हणे रोज चार किलोमीटर..."

"मी भैय्याजीकडं कायले जातो रोज?"

"फिरायले!"

"त्याच्याकडं कमोड आहे," बाबा म्हणाले.

आई म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर मी तुमच्यासाठी पहाटे उठून आल्याचा चहा करून राह्यली, मोजे शेकून देऊन राह्यली, साऱ्या गल्लीले सांगून राह्यली का आमचे हे पाहा, बाहत्तर वर्षांचे, पण फिरणं सोडत नाई..."

"फिरणं होतेच नं, जाता-येता."

आई सिमेंटच्या पोत्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. त्यांना थांबताच येईना. स्वप्निल भिंतीला टेकून हसत होते. मिस्त्री म्हणाला, "बापूजी, गच्चीवर खुर्चीवरून उठत नव्हते तेव्हाच समजाव लागत होतं." त्याला ते कोणी सांगितलं देव जाणे. रीताकाकूंनी असेल.

भांडं निघालं. दुकानदार परत घेत नाही, म्हणून ते अंगणात पडलं आहे. बाबा म्हणाले, त्यात झेंडू लावू. आई म्हणाल्या, तो झेंडू देवाला वाहायचा का तुमच्या फोटोला?

कमोड उद्या येतो. मी भिंतीत एक पक्की स्टीलची दांडीही बसवायला सांगितली आहे. कशाला विचारलं तर म्हटलं, टॉवेलसाठी. आता तू मला माप पाठव. खुर्चीवर बसल्यावर तुझा हात सहज टेकतो तिथून जमिनीपर्यंत किती? आयुष्यभर तू सगळ्या गावाची मापं घेतलीस. एकदा स्वतःचं घे.

गोळ्यांची चिठ्ठी सोबत आहे. नळवाल्याचं नाव नीलेश. तो ठीक आहे.

तुझी
मंजू

ता. क. आईंना या पत्रात दोन ओळी लिहायच्या आहेत.

*कोकिळाताई, नमस्कार. सून म्हणते टॉवेलसाठी दांडी लावून राह्यली. इतक्या खाली टॉवेल कोणी टांगत नाई, हे मले समजते. मी काई विचारलं नाई आन् तुम्हीबी काई सांगू नका. टॉवेल घेऊन या. चांगले आठ-दहा आणा. यशोदा*

*

कारंजा
१८ डिसेंबर २०२४

चि. मंजूस,

माप इंचात लिहिलं तर तुम्ही लोक चुकाल. म्हणून सोबत कापडाची पट्टी कापून पाठवते आहे. वरचं टोक दांडीला, खालचं फरशीला. शिवणीसाठी जास्तीचं कापड धरू नका, मी सोडलेलं नाही.

तुझ्या सासूच्या ओळी मी तीनदा वाचल्या. त्यांना उत्तर काय लिहावं ते कळेना, म्हणून तोंडानंच देईन.

सव्वीस तारखेला, गुरुवारी, सकाळच्या गाडीनं निघते. चार दिवस राहीन. सचिन सोडायला येतो आहे. दहापर्यंत पोचेन. पोचल्याबरोबर मला दोन पेले पाणी आणि वर चहा पाहिजे. तू विचारलं नाहीस तर मी मागेन.

कोकिळाआत्या

*

पिपरी मेघे, वर्धा
१७ जानेवारी २०२५

चि. मंजूस, कारंजा मुक्कामी,

तू माहेरी हुरडा खाते आहेस आणि मी तुझ्या सासरी बसून तुला पत्र लिहिते आहे. शेजारच्या रीताबाई विचारत होत्या, सून कोण आणि पाहुणी कोण. चार दिवसांचे आज तेवीस दिवस झाले. निघायचं नाव काढलं की यशोदाबाई माझी पिशवी लपवतात. त्यांचे तीन ब्लाऊज बेतले आहेत, गळा त्यांना मोठा पाहिजे, मी लहानच कापला.

नळाचं मी स्वतः कबूल केलं. जेवताना, सगळ्यांसमोर. जावई ताटावरून उठले आणि नीलेशला फोन लावला. पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण जावयांचा चेहरा पडला. यशोदाबाईंनी मला कागदावर लिहून दाखवलं: "तो म्हणते, मी तेव्हाच सांगतलं होतं का माया नळ असा तुटत नाई." आता रविवारी त्याला जेवायला बोलावलं आहे. मी वडाभात करणार आहे.

तक्रार एकच आहे. तुझे सासरे. भैय्याजींकडे जाणं बंद झाल्यापासून ते सकाळी सहाला पेपर घेऊन आत जातात आणि जाहिरातींसकट वाचून काढतात. इतके दिवस मी बाहेर पदर चाचपत उभी राहायचे. पाहुणीनं काय बोलावं? काल मात्र दारावर थाप मारली आणि ओरडले, "भाऊ, निघा आता! राशिभविष्य बाहेर बसून वाचा!" मला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी किती जोरात ओरडले ते मला माहीत नाही. यशोदाबाई म्हणतात, भैय्याजींच्या घरापर्यंत गेलं असेल.

भाऊ बाहेर आले, म्हणाले, "झाली बापा ही घरचीच," आणि पेपर माझ्या हातात दिला.

तू सावकाश ये. पत्र इथेच पुरं करते. आत्ता न्हाणीघराचं दार उघडताना दिसलं आहे आणि यशोदाबाई स्वयंपाकघरातून उठल्या आहेत. त्यांच्या आधी मला पोचायचं आहे.

कोकिळाआत्या